झाड दाराशी, पक्षी आत

वाचकांचे प्रश्न : जुन्या वस्तूंची राखण

या महिन्यात ४ पत्रांना उत्तरं देते आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा गेली आहे, कारण नाताळ तोंडावर आला आहे आणि तिथला निर्णय थांबणारा नाही.

सदर, नागपूर येथून एक शिक्षिका लिहितात :

ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीत एक लहानसं संग्रहालय आहे. पेंढा भरलेले ४० पक्षी, सांबराची शिंगं, फुलपाखरांच्या ३ पेट्या, ४ गोंडी ढोल आणि एक कपाटभर जुनी पुस्तकं. नाताळचा कार्यक्रम दर वर्षी त्याच हॉलमध्ये होतो, एवढी मोठी जागा दुसरी नाही. आतापर्यंत प्लास्टिकचं झाड असायचं. यंदा मुलांनी ठरवलं, प्लास्टिक नको, खरं झाड हवं. एका पालकांनी कुंडीतलं ६ फुटी ख्रिसमस ट्री देऊ केलंय. गव्हाणीसाठी भंडाऱ्याकडून तणस, म्हणजे धानाचा पेंढा, येणार आहे. पण कपाटं सांभाळणारे आमचे परिचर काका अडून बसलेत. ‘झाड आत येऊ देणार नाही, किडे येतात’, याच्या पुढे एक शब्द बोलत नाहीत. मुख्याध्यापक नाराज, मुलं हिरमुसलेली. १५ दिवसांच्या झाडानं खरंच एवढं बिघडतं का?

उत्तर :

काकांचं ऐका. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते त्यांना उलगडून सांगता आलेलं नाही. मी सांगते. मुख्याध्यापकांना हे पान जरूर वाचायला द्या.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी सेमिनरी हिल्सकडच्या एका रोपवाटिकेत जाऊन आले. आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणून कुंडीत विकतात ते बहुतेक अरोकेरिया असतं, मूळचं पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचं, मजल्यांसारख्या आडव्या फांद्यांचं. त्यातलं चांगलं निरोगी, हिरवंगार झाड निवडलं. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा सोबत नेला होता, तो खालच्या फांदीखाली धरला आणि फांदी हातानं तीन-चार वेळा थोपटली. कापडावर वाळकी पानं पडली, धूळ पडली, दोन बारके कोळी, चार मुंग्या, पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पुंजके, कुणीतरी टाकलेली पारदर्शक कात. कापड उन्हाकडे तिरपं केलं तेव्हा धुळीतले काही कण चालायला लागले. मिलिमीटरभर लांबीचे, फिकट, मऊ अंगाचे किडे. जुनं पुस्तक उघडलं की पानावरून असाच एक ठिपका पळताना दिसतो, त्याचेच हे भाऊबंद. त्यांना ‘बुकलाइस’ म्हणजे पुस्तकातल्या उवा म्हणतात, पण त्यांचं पोट मुख्यतः बुरशीवर भरतं. हे सगळं एका फांदीवरचं. तुमच्या झाडाला अशा कितीतरी फांद्या असणार.

आता यातला एकही जीव तुमच्या पक्ष्यांना खाणारा नाही. मुख्याध्यापक इथेच म्हणतील, मग अडचण काय? अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. हॉलमध्ये या किड्यांना ना ऊन, ना दव, ना कोवळा पाला. चार-आठ दिवसांत ते मरतात आणि कपाटांच्या मागे, फरशीच्या फटीत, काचपेटीच्या खालच्या पट्टीत पडून राहतात. झाडू तिथवर पोचत नाही. आणि मेलेले किडे हे ज्याचं आवडीचं खाणं आहे, तो संग्रहालयाचा खरा वैरी असतो.

त्याचं नाव कार्पेट बीटल. २-३ मिलिमीटरचा गोलसर भुंगेरा, पाठीवर पांढरे, तपकिरी, पिवळसर खवले, रांगोळीचे दाणे सांडल्यासारखे. दिसायला इतका साधा की मारायलाही मन होणार नाही. नुकसान तो स्वतः करत नाही, त्याची अळी करते. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांची, अंगभर ताठ केसांची, तांदळाच्या दाण्याहून लहान. केस, पिसं आणि लोकर यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं. ते पचवणं फार थोड्या जिवांना जमतं, तिला जमतं. मेलेल्या माश्या आणि कोळ्यांवर ती वाढते आणि तिथून शेजारच्या पक्ष्याकडे वळते. महिनोन् महिने खात राहते, पुन:पुन्हा कात टाकते. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञानं १७६१ मध्ये याच्या एका जातीला नाव दिलं तेच मुळी ‘म्युझियोरम’, म्हणजे संग्रहालयांचा. तेव्हाही ही तक्रार जुनीच असणार.

तुमच्या संग्रहात सगळ्यात जास्त धोका फुलपाखरांना. वाळलेला किडा म्हणजे तिच्यासाठी वाढलेलं ताट. मग पक्षी, मग ढोलांचं कातडं, त्यातही जिथे केस शिल्लक आहेत ती कड. सांबराची शिंगं हाडाची असतात, त्यांची काळजी कमी करा.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी विदर्भातल्या एका लहान संग्रहालयात होते. दसऱ्याला शस्त्रांच्या दालनात पूजा झाली आणि उत्साहाच्या भरात झेंडूच्या माळा बाजूच्या पक्षिदालनातही लागल्या. त्या बांधणाऱ्यांत मी होते. पहाटे बर्डीच्या फुलबाजारातून पोतंभर फुलं मीच आणली होती. माळा दिवाळीपर्यंत तशाच राहिल्या, वाळून तपकिरी झाल्या, पाकळ्या काचपेट्यांच्या फटींत गळल्या. कार्पेट बीटलच्या अळीला पिसं लागतात, पण मोठा झालेला भुंगेरा फुलांवर जगतो, परागकण खातो. फुलांसोबत तो कुठेही पोचतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात खिडकीच्या चौकटीवर रांगोळीच्या दाण्यांसारखे ते ठिपके दिसले. मी फडक्यानं पुसून टाकले. पावसाळ्यात एक दिवस शिपायानं हाक मारली, ‘‘मॅडम, ह्या पाखराचे पिसं गळून राहिले.’’ तो नीलपंख होता. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तोच पक्षी. पायाखालच्या लाकडी ठोकळ्याभोवती तपकिरी भुकटीचं कडं पडलं होतं. भिंगाखाली धरली तर ती भुकटी नव्हती, केसाळ काती होत्या, शेकड्यांनी. पंख उचलायला गेले तर निळ्या पिसांचा झुपका हातात आला. पिसांच्या दांड्या जागेवर, दोन्ही बाजूंची निळाई कुरतडलेली. त्या दालनातले ११ पक्षी आम्ही त्या वर्षी गमावले. त्यातले काही अशा ठिकाणचे होते जिथलं जंगल आता राहिलेलं नाही.

भुंगेरे त्याच माळांमधून आले हे मी सिद्ध करू शकत नाही. खिडकीतूनही आले असतील. पण त्या दिवसानंतर मी संग्रहालयाच्या दारातून आत एक पाकळीही जाऊ दिली नाही.

युरोप-अमेरिकेत फर, स्प्रूस, पाइन अशी झाडं तोडून घरात आणतात. त्यांच्यावर थंडीनं निपचित पडलेला मावा, कोळी, सालीखालचे भुंगेरे घरातल्या उबेला जागे होतात. प्रार्थनाकीटकाची अंड्यांची पेटी फांदीला चिकटून आली, तर तिच्यातून शंभर-दोनशे पिल्लं एका सकाळी पडद्यावर चढलेली दिसू शकतात. म्हणून तिथल्या कितीतरी संग्रहालयांनी जिवंत झाड आत आणायचंच नाही असा नियम केला आहे. जिथे आणतात तिथेही आधी बाहेर झटकतात, खोड-फांद्या तपासतात, वस्तूंपासून दूर ठेवतात आणि सण संपताच लगेच काढतात. आपल्याकडे हे किडे निपचित पडतच नाहीत. नागपूरच्या डिसेंबरात रात्री पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला तरी दुपारी २८ च्या आसपास असतो. तुमचं झाड हॉलमध्ये येईल तेव्हा त्यावरची सगळी वस्ती जागीच असेल.

शिवाय तुमचं झाड कुंडीतलं. कुंडी म्हणजे माती, शेणखत, रोजचं पाणी, बशीत साचलेलं थोडं पाणी. ओल्या मातीतून चिलटांसारख्या बारीक माश्या निघतात, त्याही मरून वर सांगितलेल्या ताटात भर घालतात. जमिनीवर बरेच दिवस ठेवलेल्या कुंडीच्या बुडाच्या भोकातून मुंग्या आत शिरलेल्या असतात, कधी उधईसुद्धा. लाकडी कपाटांच्या हॉलमध्ये उधईची शंकासुद्धा नको.

तणसाबद्दल मात्र मी काकांपेक्षाही कडक आहे. झाड एक वेळ परवडलं. तणसात बुरशी असते, तिच्यावर जगणारे ते फिकट किडे असतात, धानाचे राहिलेले दाणे असतात आणि दाण्यांत सोंडे. झटकून ते निघत नाहीत. गव्हाणीत तणस अंथरायचंच असेल तर गव्हाणीही हॉलबाहेर. आत ठेवायची असेल तर ज्यूटच्या सुतळ्या उकलून, धुऊन, कडक उन्हात वाळवून अंथरा. बाळ येशूला तेवढ्या सुतळ्या पुरतील.

आता मुलांचं मन कसं राखायचं ते. झाड व्हरांड्यात ठेवा, हॉलच्या दाराच्या बाहेर, येणाऱ्या प्रत्येकाला आधी झाड दिसेल असं. हिरव्या पाल्याची जागा दाराशी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आंब्याचं तोरण आपण चौकटीला बांधतो, कपाटात नाही. पोळ्याला पळसाच्या डहाळ्या दाराशी ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत त्या गावाबाहेर टाकून येतो. तुमच्या मुलांनी मारबतीची मिरवणूक पाहिलेली असणार, त्यांना हे एका वाक्यात समजेल. नाताळची सजावट ६ जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत ठेवायची रीत आहे. व्हरांड्यात खुशाल तोवर ठेवा. नंतर तेच झाड शाळेच्या आवारात अर्ध्या सावलीत लावा. मे महिन्याचं थेट ऊन त्याला सोसणार नाही.

आणि हॉलच्या आत जुनं प्लास्टिकचंच झाड उभं करा. मुलांची तळमळ खरी आहे, म्हणून त्यांना हे सांगा : जे प्लास्टिक आधीच विकत घेतलं आहे ते आणखी १० वर्षं वापरत राहणं हेच सगळ्यात चांगलं आहे. फेकलं तर ते भांडेवाडीच्या कचऱ्यात जाईल. फक्त वर्षभर ज्या खोक्यात ते पडून होतं ते खोकं आत नेऊ नका. झाड बाहेर उघडा, झटका, ओल्या फडक्यानं पुसा, मग न्या. पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांत झुरळं आणि कसर हमखास असते. चांदण्या, फुलं कागदाची करा, पण चिकटवायला कणकेची खळ वापरू नका, कसरीला ती फार आवडते. बांबूचं झाड करू असं कुणी सुचवेल. ताज्या तोडलेल्या बांबूत पिष्ट असतं आणि त्याला भुंगा लागतो, तेव्हा तेही नको.

केक हॉलमध्ये कापू नका. एवढंच सांगते, कारण त्याची कारणं तुम्ही जाणता.

काकांसाठी एक काम. बाजारात चिकट पॅडचे सापळे मिळतात. हॉलच्या भिंतीलगत, कोपऱ्यांत आणि दाराशी ते ठेवायचे, प्रत्येकावर तारीख लिहायची आणि दर सोमवारी काय अडकलं ते वहीत टिपायचं. हे किडे मारण्यासाठी नाही, कोण आत येतंय ते कळण्यासाठी. खिडक्यांच्या चौकटी रोज पाहायच्या, कारण मोठा झालेला भुंगेरा उजेडाकडे जातो आणि तिथेच मरतो. मी पुसून टाकलेले ते ठिपके त्यांनी पुसू नयेत. आधी मोजावेत, तारीख घालून कागदाच्या पुडीत ठेवावेत.

आणखी एक. वर झरोक्यांकडे पाहा. तिथे कबुतरांचं घरटं असेल तर झाडाचा वाद बाजूला ठेवून आधी ते काढा, अंडी-पिल्लं नसताना. घरट्यातली पिसं, विष्ठा, मेलेलं पिल्लू यांच्यावर कार्पेट बीटल बारा महिने पोसला जातो. झाड १५ दिवस असतं, घरटं वर्षानुवर्षं. अनेक जुन्या इमारतींत मी हे पाहिलं आहे : दारात फुलाला मनाई आणि डोक्यावर पाच घरटी.

कुणी म्हणेल, झाडावर फवारा मारून आत आणू. नको. फवाऱ्यानं किडे मरतात, पण मेलेले किडे तिथेच राहतात आणि आपण ज्यांच्यासाठी घाबरतो आहोत त्यांना तेच हवं असतं. आणि काचपेटीजवळ फवारा कधीच मारायचा नाही, पिसांवर आणि कागदावर डाग पडतात.

तुमच्या मुलांना एकदा अजब बंगल्यात घेऊन जा. १८६३ पासूनचं ते संग्रहालय आपल्या शहरात आहे, आणि त्यातले पक्षी पाहताना मुलांना विचारा की हा पक्षी इतकी वर्षं कुणाकुणापासून वाचवावा लागला असेल. परत आल्यावर त्यांच्याच हातात पांढरं कापड द्या आणि व्हरांड्यातल्या झाडाची एक फांदी थोपटायला सांगा. जीवशास्त्राचा याहून चांगला तास तुम्हालाही मिळणार नाही. काकांना त्या तासाला बोलवा.

प्रतापनगर येथून एक वाचक विचारतात :

जिवंत झाड नको हे समजतं. पण सुकवलेली सजावट, म्हणजे गव्हाच्या ओंब्या, कमळाची वाळलेली बोंडं, कापसाची बोंडं चालतील का? आमच्या संस्थेच्या दालनात अशी मोठी परडी भेट आली आहे.

उत्तर :

सुकवलेलं म्हणजे सुरक्षित, हा समज बरोबर नाही. तंबाखूत, मसाल्यात, बिस्किटात होणारे तपकिरी बारीक भुंगेरे वाळलेल्या बिया-पानांवर आनंदानं वाढतात आणि तिथून पुस्तकांच्या बांधणीत शिरतात. परडी ठेवायचीच असेल तर पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, हवा दाबून काढून, चिकटपट्टीनं बंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाही तर गार वस्तूवर दव धरतं. कापसाच्या बोंडात सरकी असेल तर ती काढून टाका.

महाल, नागपूर येथून एक गृहिणी लिहितात :

आमच्या घरी सासऱ्यांच्या आजोबांपासूनचा लाकडी नंदी आहे. तान्ह्या पोळ्याला घरातली पोरं तो घेऊन जातात. २ वर्षांपूर्वी चाकं मोडली म्हणून नवी बसवली. आता त्याच्याखाली पिठासारखी भुकटी पडते. शेजारी म्हणतात, रॉकेल ओता. ओतू का?

उत्तर :

ओतू नका. रॉकेलनं जुना रंग सुटतो, लाकूड काळं पडतं, वास वर्षभर जात नाही आणि पोरांच्या हातात द्यायची वस्तू पेट घेईल अशी होते.

आधी भुकटी बोटांत चोळून पाहा. मैद्यासारखी मऊ असेल आणि भोकं १-२ मिलिमीटरची गोल असतील, तर हा घुण आहे, लाकडातलं पिष्ट खाणारा. मग एक साधी तपासणी करा. नंदी आडवा करून सगळी भुकटी ब्रशनं झटका. दिसतील तेवढ्या भोकांभोवती खडूनं गोल काढा. नंदी काळ्या कागदावर उभा करून ठेवा. ३ आठवड्यांनी पाहा, नवी भुकटी कुठे पडली आणि खडूचा गोल नसलेलं भोक कुठे आहे. जुनी, मेलेली कीडसुद्धा नंदी हलवला की थोडी भुकटी टाकते, त्यामुळे नुसत्या भुकटीवरून घाबरू नये.

माझा अंदाज सांगते. भुकटी चाकांतून येते आहे. जुने नंदी बहुतेक सागवानाच्या आतल्या, पक्क्या लाकडाचे असतात, घुणाला ते रुचत नाही. नवी चाकं करताना सुतारानं हाताशी असलेला हलका, पांढरट लाकडाचा तुकडा वापरला असेल. झाडाच्या बाहेरच्या भागातलं ते लाकूड पिष्टानं भरलेलं असतं आणि कीड त्यात अंड्यांच्या रूपानं आधीपासूनच असू शकते. तसं असेल तर उपाय सोपा आहे. चाकं आणि आस काढा, अंगणात जाळून टाका, जुन्या सागवानी फर्निचरच्या तुकड्यातून नवी करून घ्या. नंदीच्या अंगावर, विशेषतः पोटाखाली आणि पायांच्या सांध्यांत, वर्षभर खडूची खूण ठेवून लक्ष ठेवा.

अंगातच कीड निघाली आणि नंदी लहान असेल, तर वर सांगितलेली फ्रीझरची पद्धत चालते. पण अंगावर जुना जाड रंग, लाख किंवा आरसे बसवलेले असतील तर फ्रीझरमध्ये ठेवू नका, थंडीनं लाकूड आकसतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तेव्हा जतनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला दाखवा. ऑक्सिजन काढून घेतलेल्या बंद पिशवीत काही आठवडे ठेवून कीड मारण्याची पद्धत आहे, तिला विषारी रसायन लागत नाही आणि रंगालाही सहसा धक्का पोचत नाही. लखनौला १९७६ पासून सांस्कृतिक वस्तूंच्या जतनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आहे, तिथे पत्र पाठवून विचारता येतं.

तान्ह्या पोळ्याला नंदी मिरवू द्या. कपाटात कोंडून ठेवलेल्या नंदीत कीड कुणाच्या लक्षात येत नाही, तुमच्या लक्षात आली ती पोरांनी तो बाहेर काढला म्हणून. फक्त परत आल्यावर गळ्यातली माळ, बेल, पाला, गुळाचे कण सगळं त्याच संध्याकाळी काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, मग जागेवर ठेवा.

धंतोली येथून एक वाचक विचारतात :

आजीच्या हस्तलिखित पोथीत ती कडुनिंबाची पानं घालायची. मीही घालतो, सोबत डांबर गोळ्या. बरोबर आहे ना?

उत्तर :

पानांचा हेतू चांगला, जागा चुकलेली. ओलं पान कागदाला दमट करतं आणि हिरवा-तपकिरी ठसा उमटवतं. तुमच्या पोथीत असे ठसे असतीलच, ते पुसायला जाऊ नका. पानं सावलीत पूर्ण वाळवून, वेखंडाच्या तुकड्यासोबत मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि पुरचुंडी पोथीत नाही, पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. दर वर्षी बदला. वाळलेला पाला जुना झाला की तोच किड्यांचं घर होतो. आणि पुरचुंडी ठेवली म्हणून पोथी पाहायचं सोडू नका.

डांबर गोळ्या काढून टाका. त्यांची वाफ माणसाच्या अंगाला वाईट, लहान मुलं असलेल्या घरात तर नकोच. घालायच्या झाल्या तरी बंद पेटीतच काम करतात आणि ती पेटी उघडणारे तुम्हीच असता.

पावसाळा संपला की, आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात, एक कोरडा दिवस निवडा. पोथी थेट उन्हात नाही, सावलीत पाटावर उघडा, पान न् पान हातानं वेगळं करा, मऊ ब्रशनं मधली शिवण झाडा. चंदेरी, शेपटीला तीन धागे असलेली कसर पळताना दिसली तर पेटीच बदला. पोथीला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या आणि वर सुती कापड असू द्या. जुने लेखक पोथीच्या शेवटी लिहून ठेवायचे की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा. गाठ घट्ट मारा. सैल पोथीच्या पानांमधल्या फटीतच कसर शिरते.